पहिले पंधरा दिवस

शनिवार, रात्र

आठवीच्या नव्या तुकडीची यादी आज स्टाफरूममध्ये फिरली. नावं वाचायला वेळ लागला नाही, नावांवरच्या टिप्पण्यांनाच लागला. "हा त्या दोघा भावांतला धाकटा. देवच वाचवो." "हिची ताई आठवते ना? पहिला नंबर कधी सोडला नाही." "याच्या बापालाही मीच शिकवलंय, वर्गात झोपायचा." यादी माझ्या हातात आली तोवर निम्म्या वर्गाचा निकाल लागून गेला होता, आणि त्यांतल्या एकानेही अजून माझ्यासमोर तोंड उघडलेलं नाही.

गावातल्या लहान शाळेत हे चालायचंच. शिक्षक मोजके, तेच वर्षानुवर्षं, आणि एकाच घरातली भावंडं एकामागून एक त्याच बाकांवर येऊन बसतात. हा लहान शाळेचा मोठेपणा आहे असं आम्ही पालकसभेत सांगतोही: आम्ही प्रत्येक मुलाला ओळखतो. मुलाला ओळखतो की त्याच्या घराण्याला, हे मात्र कोणी विचारत नाही.

बी.एड.ला असताना रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा 1968 सालचा प्रयोग पाठ केला होता, परीक्षेपुरता. अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना सांगितलं गेलं की, चाचणीवरून दिसतंय, ही ही मुलं यंदा झेप घेणार. प्रत्यक्षात ती नावं चाचणीशी काही संबंध न ठेवता, सरसकट उचललेली होती. वर्षाअखेरीला त्यांतली काही मुलं, विशेषतः पहिली-दुसरीतली, खरंच पुढे गेलेली दिसली. त्यावर पुढे भरपूर वाद झाले. आकडेमोडीवर टीका झाली, इतरांनी करून पाहिलं तेव्हा दर वेळी तसंच घडलं असंही नाही.

त्या वादातली मला भावलेली गोष्ट मात्र नंतरची. स्टीफन रॉडनबुश या संशोधकांनी 1984 साली असे 18 प्रयोग एकत्र मांडून पाहिले. शिक्षकांची मुलांशी ओळख जेमतेम दोन आठवड्यांची किंवा त्याहून कमी असेल, तर बाहेरून कानात घातलेली गोष्ट परिणाम करते. त्याहून जुनी ओळख असेल तर जवळजवळ नाही. मूल समोर बसून स्वतःबद्दल इतकं सांगून चुकलेलं असतं की कागदावरच्या शेऱ्याला कोणी विचारत नाही.

म्हणजे खरं तर आमच्यासारख्या शाळेला भीती नसायला हवी, आम्ही तर जुने ओळखीचे. पण ती ओळख त्या मुलाची नसते, ताईची असते, दादाची असते. त्याचे स्वतःचे पहिले पंधरा दिवस तो येण्याआधीच दुसऱ्या कोणीतरी खर्चून टाकलेले असतात.

आणि शेरा तास चालू असताना काम कसं करतो, तर फार बारीक. कोणी कुणाला टाकून बोलत नाही. प्रश्न विचारल्यावर थांबण्यात तो दिसतो. विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून वेळ मोजली होती: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. त्यातही हुशार समजल्या गेलेल्या मुलांसाठी शिक्षक जास्त थांबतात आणि कच्च्या समजल्या गेलेल्यांसाठी कमी. म्हणजे ज्याला विचार करायला वेळ हवा, त्याच्याच वाट्याची सेकंदं आपण कापतो. हे कोणी दुष्टपणाने करत नाही. उलट, बिचाऱ्याची फजिती नको म्हणून प्रश्न पटकन पुढच्या बाकावर सरकवला जातो.

मला गणित आणि भूगोल असे दोन्ही विषय आहेत. लहान शाळेत शिक्षक पुरत नाहीत म्हणून असे तास गळ्यात पडतात, आणि त्याबद्दल आम्ही सगळेच कुरकुरतो. पण याचा एक फायदा कोणी मोजत नाही. तेच मूल दिवसात दोनदा दिसतं. मागच्या एका तुकडीत बीजगणितात मान खाली घालून बसणारी एक मुलगी (तीही अशाच एका ताईची धाकटी) समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा पाहून चटकन म्हणाली, "सर, इथे रेषा जवळजवळ आहेत, म्हणजे चढ उभा." पुढच्या आठवड्यात आलेखावरच्या रेषेचा चढ शिकवताना तिलाच विचारलं. वेळ लागला, पण आली तिथपर्यंत. फक्त गणिताचा मास्तर असतो तर तिच्याबद्दल माझं मत ताईच्या गुणपत्रिकेवरच बेतलेलं राहिलं असतं.

म्हणून मधल्या सुट्टीत मी बोललो. म्हटलं, कोणाला फळा दिसत नाही, कोणाला ऐकू कमी येतं, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण शाळेनंतर कामाला जातं, हे मला पहिल्याच दिवशी सांगा. त्यावाचून मुलाला बसवायचं कुठे, रागवायचं किती, काहीच ठरत नाही. पण गुण, भावंडं आणि बाप वर्गात झोपायचा की नाही, हे पंधरा दिवसांनी.

आमच्या ज्येष्ठ बाईंना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, "सर, त्या धाकट्याला मी पहिल्याच दिवशी पुढे बसवणार, कारण दादाच्या वेळी मागे बसवून मी तीन वर्षं हात पोळून घेतलेत. हा अनुभव फेकून द्यायचा का?" त्यांचंही खरंच आहे. मी म्हटलं, पुढे बसवा, फक्त का बसवलंय ते त्याला आणि बाकीच्यांना कळू देऊ नका.

बाईंनी यादी घडी घालून पर्समध्ये ठेवली. "ठीक आहे," म्हणाल्या, "पण मग पंधरा दिवस स्टाफरूममध्ये आम्ही बोलायचं तरी कशावर?"