दुसऱ्या व्हायोलिनचा कागद

जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवरचा आवाज संगणकावर उतरवून घेणे हे माझे काम आहे आणि गोव्यातल्या फोंड्यात राहून मी ते अनेक वर्षे करते आहे. एरवी लोक तबकड्या माझ्याकडे आणून देतात. गेल्या मे महिन्यात मात्र दक्षिण गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या एका गावातून निरोप आला, की घरातली आजी तबकड्या उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही, तेव्हा यंत्र घेऊन तुम्हीच यावे. तिचा दिवंगत नवरा १९५० आणि १९६०च्या दशकांत मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत असे.

मी सकाळीच पोहोचले. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावता येत नाही, कारण त्यात लाख विरघळते. त्यामुळे शुद्ध पाणी आणि मऊ कापड घेऊन मी एकेक तबकडी पुसू लागले. पेटीच्या तळाशी, तबकड्यांच्या खाली, कागदांचा एक गठ्ठा होता. त्यावर पाच रेषांचे पाश्चात्त्य स्वरलेखन हाताने नकलून काढलेले होते, प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ‘दुसरे व्हायोलिन’ (वाद्यवृंदातल्या व्हायोलिनांच्या दुसऱ्या गटाचा भाग) अशा अर्थाची इंग्रजी खूण होती आणि शेजारी तारीख होती. चित्रपटाचे किंवा गाण्याचे नाव मात्र कुठेच नव्हते.

हे कागद गोव्यातल्या घरात सापडावेत यात नवल नाही. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत असत. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात संगीतकार हार्मोनियमवर चाल गाऊन दाखवी. ती तीस-चाळीस वादकांसाठी वाटून, लिहून, थोड्या वेळात वाजवून घ्यायची तर लिहिता-वाचता येणारी माणसे लागत, आणि ती मोठ्या संख्येने गोव्याची होती. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यवृंद-संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोमंतकीय होते. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे होते. गायकाच्या आवाजाखालून दुसरी, स्वतंत्र सुरावट चालवण्याची रीत हिंदी गाण्यात रुजली, त्यात या मंडळींचा वाटा फार मोठा आहे.

आजी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओसरीत, बसून काही तरी गुणगुणत होती. चाल ओळखीची वाटावी आणि तरीही हाती लागू नये, अशी ती होती. मी विचारले, “आंटी, ही चाल कुणाची?” ती म्हणाली, “हें ताचें.” नवरा मुंबईला धोबीतलावच्या गावकऱ्यांच्या कुडात, म्हणजे गावाच्या सामायिक वसतिघरात, राहत होता आणि ती मुलांना घेऊन इथे होती, चित्रपट तिने फारसे पाहिलेच नव्हते. कायमचा परत आल्यावर तो रोज संध्याकाळी याच बाल्कांवात उभा राहून वाजवी. त्या सगळ्या चाली त्याने स्वतः बांधल्या, असेच ती इतकी वर्षे समजत आली होती.

दुपारी एका कागदावरच्या सुरावटीशी मला ती चाल जुळताना दिसली. कागदावरच्या तारखेच्या आसपासच्या चार-पाच तबकड्या मी लावून पाहिल्या. त्यांतली एक लताबाईंची होती, महाराष्ट्रात आणि गोव्यात कोणालाही तोंडपाठ असेल असे गाणे. तबकडीतला स्वर कागदावरच्या स्वरापेक्षा किंचित चढा लागत होता, पण पुरता अर्धा स्वर नव्हे. म्हणजे गाणे वरच्या पट्टीत घेतलेले नव्हते, वेगच चुकत होता. चित्रफितीवरून तबकडीवर नक्कल करताना असा फरक पडू शकतो. तबकडीच्या दर मिनिटाच्या फेऱ्या ७८ वरून सुमारे ७६ वर आणल्या तेव्हा कागद आणि आवाज एकमेकांवर बसले. अंतऱ्याच्या ओळीखालून आजीची चाल स्पष्ट ऐकू येऊ लागली.

आता हे तिला सांगावे की नाही, या विचारात मी बराच वेळ घालवला. सांगितले तर नवऱ्याची म्हणून जपलेली चाल मी तिच्याकडून काढून घेणार होते. शेवटी तिच्या नातवाला विचारले आणि त्याच्या संमतीने तिच्या कानांना हेडफोन लावले. एकाच वाहिनीवर मुद्रित झालेल्या गाण्यातून आवाज अगदी स्वच्छ वेगळा काढणे अवघड असते. गायिकेचा आवाज ज्या कंप्रतांत असतो तो पट्टा थोडा दाबून व्हायोलिने जरा वर आणली, एवढेच. पहिल्या अंतऱ्यापर्यंत ती गप्प होती. मग ती त्या दुसऱ्या व्हायोलिनबरोबर गुणगुणू लागली आणि गाणे संपेपर्यंत एकदाही मुख्य चालीकडे वळली नाही. तिने ते तीनदा ऐकले.

मी फोंडा तालुक्यातली. दीनानाथ मंगेशीचे, केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, हे ऐकतच आम्ही वाढलो, आणि लताबाईंचा गळा आमच्या मातीचा म्हणून आजही आमचा ऊर भरून येतो. तो अभिमान खराच आहे. पण त्या गळ्याच्या खाली, त्याच खोलीत, सासष्टीचे व्हायोलिन वाजत होते, हे आमच्याकडे कोणी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. १९४९ साली ‘महल’च्या तबकडीवर गायिकेच्या जागी कामिनी हे पात्राचे नाव छापले होते, पुढे गायकांची नावे तबकड्यांवर आली, वादकांची मात्र आली नाहीत. माझ्या स्वतःच्या नोंदवहीतही वादकांच्या रकान्यात मी इतकी वर्षे ‘वाद्यवृंद’ एवढा एकच शब्द लिहीत आले होते.

निघताना आजीने विचारले, म्हणजे ही त्याने बांधलेली नव्हती का? मी खरे ते सांगितले : कागद त्याच्या हातचा आहे, पण सुरावट त्याला सुचली की संयोजकाने दिली, हे कागदावरून कळत नाही. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पूण वाजयलें तें ताणें.”

त्या रात्री नोंदवहीत गायिका, संगीतकार आणि चित्रपट यांच्या खाली मी एक नवी ओळ वाढवली : दुसरे व्हायोलिन, आणि पुढे त्याचे पूर्ण नाव, नातवाने सांगितलेल्या स्पेलिंगप्रमाणे. गठ्ठ्यातले सात कागद आतापर्यंत तबकड्यांशी जुळले आहेत. उरलेल्यांसाठी मी पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे, कारण त्यांतल्या काही चाली अजून आजीलाच येतात.