सांगितलं. नऊ दिवस उशिरा

फोन बहुतेक रात्री साडेनऊनंतर येतो. आधी दार ओढून घेतल्याचा आवाज, मग चपला, मग दबक्या आवाजात, "सर, एक मिनिट हं, बाहेर येतो." म्हणजे लेकरू आत झोपलंय किंवा झोपल्याचं सोंग घेऊन पडलंय, आणि बाप गॅलरीत आलाय. बार्शी, अक्कलकोट, तुळजापूर, एकदा तर विजयपूरहून. त्यांच्या लेकराला रक्ताचा कर्करोग निघालेला असतो, माझ्या मुलाला तो झाला होता, आणि माझा नंबर कुणाकुणाकडून त्यांच्यापर्यंत पोचलेला असतो. मुंबईत राहायचं कुठं, रक्त कोण देणार, पैशाचं कसं केलंत, हे सगळं विचारून होतं. मग जरा थांबून तो प्रश्न येतो. "सर, तुम्ही तुमच्या मुलाला सांगितलं होतंत का, त्याला काय झालंय ते?"

फोनवर मी थोडक्यात सांगतो. पण हे थोडक्यात सांगण्यासारखं नाही, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

सांगितलं. पण नऊ दिवस उशिरा.

जुलै २०१७. मुलगा नुकताच दहावीत गेला होता, माझ्याच शाळेत. मी तिथं विज्ञान शिकवतो. तीन आठवडे त्याचा ताप येत-जात होता. एका ठिकाणी टायफॉइड म्हणून सलाईनही लावून झाली. मांडीवर निळे डाग, दात घासताना हिरड्यांतून रक्त, जिना चढला की धाप. शेवटी एका दुपारी लॅबवाल्यानं रिपोर्टचा कागद हातात न देता मलाच आत बोलावलं. पांढऱ्या पेशी ६४ हजार, प्लेटलेट १९ हजार, हिमोग्लोबिन साडेसहा. वीस वर्षं मी फळ्यावर पेशी काढत आलोय. त्या तीन आकड्यांचा अर्थ लावायला मला डॉक्टर लागला नाही.

रिक्षात तो म्हणाला, "काय निघालं पप्पा?"

"रक्त कमी झालंय," मी म्हणालो.

हिमोग्लोबिन साडेसहा म्हणजे रक्त कमीच. खोटं नव्हतं. त्या आडोशाला मी नऊ दिवस उभा राहिलो.

घरात सगळ्यांचं एकच मत होतं. माझी आई म्हणाली, "लेकराच्या कानावर तो शब्द पडू देऊ नका. शब्दानंच अर्धा जीव जातोय." त्याची आई काहीच बोलली नाही, नुसती कपडे भरत राहिली. सोलापुरात दोन बाटल्या रक्त चढवलं आणि तिसऱ्या रात्री आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालो. "मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवू," एवढंच त्याला सांगितलं. कुठल्या दवाखान्यात ते सांगितलं नाही. आमच्या भागात "टाटाला नेलंय" एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. ते नाव परळच्या दवाखान्याचं राहिलेलंच नाही, आमच्याकडं ते रोगाचं नाव झालंय.

पण दवाखान्याच्या दारावरची पाटी मी कशी झाकणार होतो?

आत गेल्यावर मी लपवाछपवीत तरबेज झालो. फाईल उलटी धरायची. डॉक्टर बोलायला लागले की त्याला पाणी आणायला पाठवायचं. सिस्टरना बाजूला घेऊन, "त्याच्यासमोर अ‍ॅनिमिया म्हणा" अशी विनंती करायची. कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढला तेव्हा तो कळवळला, आणि मी त्याला सांगितलं की रक्त कमी असलं की असं तपासतात. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यानं विचारायचं बंद केलं. मला वाटलं, बरं झालं, सवय झाली. आज कुणी मला विचारलं की या सगळ्या वर्षांत तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती, तर मी ते "बरं झालं" सांगेन.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बसवलं. निदान पक्कं होतं: एएलएल, रक्ताचा कर्करोग. औषधं कोणत्या क्रमानं आणि किती द्यायची याचा एक अभ्यास चालू होता, त्यात त्याला घेता येईल असं त्या म्हणाल्या. आमची सही लागणार होती. आणि त्याचीही. १२ वर्षांपुढच्या मुलाला अभ्यासात घ्यायचं तर त्यालाही समजावून सांगून त्याची लेखी तयारी घ्यावी लागते. मी म्हणालो, "मॅडम, त्याला अजून सांगितलेलं नाही." त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आज सांगू या. मी सांगते, तुम्ही दोघं त्याच्या शेजारी बसा."

त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला एक हाड काढलं. हाडाच्या आत मगज, मगजात रक्ताच्या पेशी तयार होतात, त्यातल्या एका जातीच्या कोवळ्या पेशी वाढीला लागल्या, थांबेनात, त्यांनी बाकीच्यांची जागा खाल्ली. मी वर्गात जे शिकवतो तेच. मग त्यांनी तो शब्द उच्चारला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. काही झालं नाही.

"माहितंय," तो म्हणाला. "टाटाला कशाला आणतेत ते सोलापुरात कुणाला माहीत नाही? बोर्डावर माझ्या नावापुढं एएलएल लिहिलंय." मग डॉक्टरांकडं वळून म्हणाला, "मला फक्त एवढं सांगा, पाच वर्षं म्हणजे आजपासून पाच, की ट्रीटमेंट संपल्यापासून?"

आम्हाला कळेचना तो काय विचारतोय. त्यानं रात्री पांघरुणात मोबाईलवर शोधलं होतं. कुठल्याशा पानावर 'पाच वर्षांचा सर्व्हायव्हल रेट' असं काहीतरी होतं. त्याचा अर्थ त्यानं लावला की हा रोग झालेला माणूस पाच वर्षं जगतो. पंधरा अधिक पाच. विसाव्या वर्षी आपण मरणार, हे तो चार रात्री मनाशी धरून माझ्या शेजारच्या खाटेवर पडून होता. आणि मी समजत होतो, त्याला काही माहीत नाही.

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. पाच वर्षं हा आयुष्याचा आकडा नाही, हे त्याला समजावलं. रुग्णांची नोंद ठेवताना एक ठरलेला टप्पा धरतात. त्या टप्प्यावर किती जण हयात आहेत ते मोजतात, कारण हा रोग परत यायचाच असेल तर बहुतेक वेळा त्याआधी येतो. त्यांनी हेही लपवलं नाही की दहा वर्षांच्या आतल्या मुलांपेक्षा मोठ्या मुलांमध्ये हा आजार जास्त हट्टी असतो. तो म्हणाला, "म्हणजे मी मरणारच असं नाही." "नाही," त्या म्हणाल्या. "बरी होणारी मुलं जास्त आहेत. तू त्यात असशील असं वचन मी देऊ शकत नाही. प्रयत्नांचं देते." त्यानं पेन घेतलं आणि शाळेच्या वहीवर घालतो तशी तारीख घालून सही केली.

म्हणून, जे बाप मला गॅलरीतून विचारतात त्यांना मी आधी हेच विचारतो: तुम्ही सांगितलं नाहीत तर तुमचं लेकरू काय समजून बसलंय, हे तुम्हाला कसं कळणार? पाच-सहा वर्षांच्या पोराची गोष्ट वेगळी. त्याला सुई दुखेल का आणि आई जवळ असेल का, एवढंच हवं असतं. चौदा-पंधरा वर्षांचं पोर कोपऱ्यात बसून गणित मांडतं. चुकलं तर तपासायला कुणी नसतं.

सांगितल्यावर सगळं सोपं झालं असं मात्र नाही. पहिला महिना फार वाईट गेला. स्टेरॉइडमुळं भूक अशी की रात्री तीनला उठून कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागायचा, आणि दिली की आईवर ओरडायचा. लाल औषध, पाठीतली इंजेक्शनं, तोंडात फोड. आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत होतो. तिथं कुणी कुणाला 'कसं आहे' विचारत नाही, 'काउंट किती', म्हणजे रक्तातल्या पेशी किती, ते विचारतात. माझे जुने विद्यार्थी ठाण्याहून, पनवेलहून येऊन दीड-दीड तास मशीनला हात लावून प्लेटलेट देऊन गेले. प्लेटलेट पाच दिवसांपलीकडं टिकत नाहीत, त्यामुळं परत परत माणसं लागायची. मी पोरांना फोन करायचो आणि ती यायची. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर हा लेख संपायचा नाही.

मला सांगायचंय ते वहीबद्दल.

इंडक्शननंतर, म्हणजे उपचारांच्या त्या पहिल्या टप्प्यानंतर, त्याला मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस चार वेळा द्यायचा होता, दर दोन आठवड्यांनी. पिवळंधमक सलाईन, चोवीस तास चालणारं. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं, आणि लघवी आम्लधर्मी असेल तर मूत्रपिंडात त्याचे खडे धरतात. म्हणून सोड्याचं सलाईन लावून पीएच सातच्या वर ठेवायचा, आणि प्रत्येक लघवीला पट्टी बुडवून बघायचं. पहिल्या दिवशी सिस्टर पट्टी घेऊन आल्या तेव्हा तो उठून बसला. "द्या, मी करतो. आमच्या विज्ञानात आहे हे." दोनशे पानी वहीत त्यानं रकाने आखले: वेळ, रंग, पीएच, सही. सहीसुद्धा. मध्यरात्री दोनला पट्टी साडेसहाचा रंग दाखवायला लागली तेव्हा त्यानंच बेल दाबली. सोडा वाढवला, पहाटे पीएच साडेसातवर. "बघा पप्पा, आलं वर." आशा म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर माझ्या डोळ्यांसमोर तो पट्टीचा हिरवा-निळा रंग येतो. नऊ दिवस आशा ठेवायचं काम आम्ही दोघंच दाराबाहेर करत होतो. ज्याच्यासाठी ठेवत होतो, तोच त्यात नव्हता.

त्या लांब रात्रींत मी त्याला या पिवळ्या औषधाची गोष्ट सांगितली. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. भाऊ आजारपणात गमावलेला, पोटाला चिमटा काढून अमेरिकेला गेलेला माणूस. फोलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार करता करता त्यांच्या चमूनं त्याच्यासारखी दिसणारी फसवी रसायनं बनवली. पेशी त्यांना फोलिक अ‍ॅसिड समजून आत घेते आणि तिची वाढ अडते. त्यातलं एक बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १६ मुलांना दिलं. १० जणांचा रोग काही काळ मागं हटला. हे त्यांनी १९४८ साली छापलं, आणि त्याच वर्षी सुब्बाराव गेले. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. "काही काळच?" त्यानं विचारलं. हो, काही काळच, मी म्हणालो. पण त्याआधी तेवढंही नव्हतं. १९३१ साली दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानं गेल्या तेव्हा विलायतेतल्या डॉक्टरांच्या हातातही काही नव्हतं. पुढं १९४१ साली परळला हा दवाखाना उभा राहिला तेव्हाही नव्हतं. तो बराच वेळ सलाईनकडं बघत राहिला.

आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, तो शब्द शेवटपर्यंत उच्चारला नाही. ती 'ते दुखणं' म्हणायची. पण त्याला मिळणारं व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीपासून निघतं हे कळल्यावर ती अंगणातल्या कुंडीशी जाऊन उभी राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीला रोज सदाफुली. एका नातेवाइकानं लगेच पाल्याचा रस द्या म्हणून सुचवलं. इथं मी ठामपणे सांगतो: देऊ नका. त्या पाल्यात औषध अत्यंत कमी आणि बाकीचं विषारी बरंच असतं. ते वेगळं काढून, मोजून शिरेत द्यावं लागतं. मोजून दिलं तरी त्याच्या पायांना मुंग्या आल्या, त्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत.

आणि एक सांगितलं पाहिजे, नाहीतर हे अर्धवट राहील. धर्मशाळेत समोरच्या खोलीत सतरा वर्षांची एक मुलगी होती, मराठवाड्यातली. याला कॅरम शिकवायची. जानेवारीत तिचा रोग परत आला आणि मार्चमध्ये ती गेली. तिच्या घरच्यांनीही आमच्याइतकंच, कदाचित जास्तच केलं होतं. त्या रात्री तो म्हणाला, "आता गावाला गेली असं सांगू नका." मी सांगितलं नाही. ती गेली, एवढंच सांगितलं. आम्ही तिघं पॅसेजमध्ये बसलो. कॅरम बोर्ड बरेच दिवस भिंतीला टेकून उभा होता.

त्यानं दहावी २०१९ च्या मार्चमध्ये दिली, मेंटेनन्सच्या, म्हणजे रोग परत येऊ नये म्हणून द्यायच्या, गोळ्या चालू असताना, मास्क लावून. उपचार त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संपले. पुढं डिप्लोमा केला, आता चाकणला नोकरीला आहे. विसाव्या वाढदिवसाला आम्ही कुणीच त्या आकड्याबद्दल बोललो नाही. केक कापून झाल्यावर तोच आईला म्हणाला, "झालं की गं वीस."

उपचार संपून पाच वर्षं झाली तेव्हाच्या तपासणीला तो एकटाच गेला. मी येतो म्हणालो, तर नको म्हणाला. दुपारी तीन वाजता फोन आला. मी स्टाफरूममध्ये होतो, उठून बाहेर व्हरांड्यात गेलो.

"पप्पा, सीबीसी नॉर्मल. हृदयाची एको नॉर्मल. लिव्हरचा एक आकडा जरा वर आहे. घाबरण्यासारखं नाही म्हणालेत, पण तीन महिन्यांनी परत बोलावलंय." मग थोडा थांबला. "सगळंच सांगायचं ठरलंय ना आपलं, म्हणून सांगायलो."