कीटनने गाडी पकडली ती जागा

लॉस एंजेलिसला उतरले तेव्हा माझ्या फोनमध्ये मोजून दहा सेकंदांचा एक तुकडा साठवलेला होता. 'कॉप्स' या १९२२ सालच्या दोन रिळांच्या मूकपटातला. अख्ख्या शहराचे पोलीस मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटन याच्या मागे लागलेत. तो पळत रस्त्यावर येतो. शेजारून एक गाडी जाते, तो एक हात पुढे करतो, गाडीची मागची कड पकडतो आणि पुढच्या क्षणी आडवा होऊन गाडीबरोबर दिसेनासा होतो. पाय जमिनीवरून सुटतात, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. मध्ये कुठेही कात्री नाही. हा तुकडा मी किती वेळा पाहिलाय, मोजलेलं नाही. पण तो जिथे चित्रित झाला ती जागा अजून आहे हे कळल्यापासून तिथे जायचं हे पक्कं होतं. ऑफिसच्या कामाने मार्चमध्ये त्या शहरात जाणं झालं, आणि काम संपल्यावरचे दोन दिवस मी स्वतःसाठी मागून घेतले.

ती जागा म्हणजे एक गल्ली, ती मुद्दाम दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवली. पहिल्या दिवशी सकाळी मेट्रोने हॉलीवूड/हायलंडला उतरले आणि ला ब्रेआ अव्हेन्यूपर्यंत चालत गेले. चॅप्लिनचा स्टुडिओ तिथे आहे. १९१७ च्या अखेरीस त्याने तो बांधायला घेतला. रस्त्याच्या बाजूने पाहिलं तर इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातली घरांची रांग वाटावी, उतरती छपरं, धुरांडी. 'द किड', 'द गोल्ड रश', 'सिटी लाइट्स', 'मॉडर्न टाइम्स', सगळे इथले. बोलपट १९२७ मध्ये आला आणि दोन-तीन वर्षांत त्याने मूकपटाला पार हटवलं, तरी 'सिटी लाइट्स' १९३१ मध्ये संवादांशिवायच पडद्यावर आला. तो हट्ट या कुंपणाच्या आत धरला गेला. आत जाता येत नाही. मी फाटकासमोर वीसेक मिनिटं उभी राहिले, छपरांचे फोटो काढले आणि निघाले.

तिथून लिलियन वे. हा रस्ता कोणत्याही पर्यटन-नकाशावर ठळक नसतो. लिलियन वे आणि एलेनॉर अव्हेन्यूच्या नाक्यावर कीटनचा स्टुडिओ होता. त्याच्याआधी तोच स्टुडिओ चॅप्लिनकडे होता, म्युच्युअल कंपनीसाठी त्याने १९१६-१७ मध्ये केलेले बारा लघुपट त्या काळातले. म्हणजे माझे दोन सर्वांत लाडके लोक पाठोपाठ एकाच अंगणात काम करत होते. आता तिथे स्टुडिओची एक वीटही दिसत नाही. १९८८ मध्ये आठवण म्हणून बसवलेली पाटी आहे, पण ती चुकीच्या कोपऱ्यावर, स्टुडिओ होता त्याच्या समोरच्या बाजूला. मी पाटी वाचली, रस्ता ओलांडला आणि खऱ्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. बाजूने कुणीतरी मालाची एक व्हॅन मागे घेत होतं. १९२० ते १९२३ या काळात कीटनने एकोणीस लघुपट केले, आणि त्यांचा मुक्काम हा. बघायला काही नसलेल्या त्या जागेवरून माझा पाय निघत नव्हता.

दुपारी हॉलीवूड फॉरएव्हर. ही दफनभूमी तिथून चालत पंधराएक मिनिटांवर, सँटा मोनिका बुलेव्हार्डवर. मागच्या भिंतीला लागूनच पॅरामाउंट स्टुडिओ, त्याची पाण्याची टाकी झाडांच्या वर दिसत राहते. साहसपटांचा नायक डग्लस फेअरबँक्स याच्यासाठी लांबलचक पाण्याचा हौद आणि संगमरवरी खांब. त्याच्या उड्यांना शोभेल असं ऐसपैस काम आहे. मूकपटांचा लाडका प्रणयनायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो समाधिगृहात, आतल्या एका कोपऱ्यात, १२०५ क्रमांकाच्या कप्प्यात. तो गेला २३ ऑगस्ट १९२६ ला, एकतिसाव्या वर्षी. त्याला नायक म्हणून पुढे आणलं ते जून मॅथिस या पटकथालेखिकेने, आणि स्वतःच्या मालकीची दफनाची जागा त्याला तात्पुरती दिली तीही तिनेच. पुढच्या वर्षी तीच गेली. आता ती शेजारच्या कप्प्यात आहे. लोक त्याच्या दगडावर लिपस्टिकचे ठसे उमटवून जातात, फुलं ठेवतात. मी माझ्याजवळचं एक फूल तिच्यासमोर ठेवलं. पडद्यामागच्या बायकांना मूकपटाच्या काळात जेवढं काम मिळालं तेवढं पुढे कित्येक दशकं मिळालं नाही, आणि तरी नावं विचारली तर आपल्याला नायकांचीच आठवतात.

पण त्या दिवशी मी सर्वांत जास्त वेळ बसले ती फ्लॉरेन्स लॉरेन्स या अभिनेत्रीच्या थडग्यापाशी. सापडायला अर्धा तास लागला. गवतात सपाट बसवलेला छोटा दगड, वरून चालत जाल तरी कळणार नाही. तिच्या सुरुवातीच्या काळात बायोग्राफ कंपनी नटनट्यांची नावंच जाहीर करत नसे. नाव झालं की पैसे वाढवून मागतील, ही भीती. प्रेक्षक तिला 'बायोग्राफ गर्ल' म्हणून ओळखत, पत्रंही त्याच नावाने पाठवत. मग कार्ल लेम्ली या निर्मात्याने तिला आपल्या कंपनीत ओढलं. १९१० मध्ये ती ट्रामच्या अपघातात गेल्याची आवई उठली, आणि लगेच 'ही पाहा, जिवंत आहे, आता आमच्याकडे आहे' अशी जाहिरात झळकली. तिचं नाव घराघरांत पोचलं ते असं, मरणाच्या खोट्या बातमीवर स्वार होऊन. गाडी कुठे वळणार हे मागच्याला कळावं म्हणून तिने इशारा देणारा एक हातही बनवला होता, त्याचं पेटंट मात्र घेतलं नाही. १९३८ मध्ये तिने आयुष्य संपवलं. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं तिच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. १९९१ मध्ये एका ब्रिटिश अभिनेत्याने स्वतःचं नाव पुढे न आणता तो बसवला. त्यावर कोरलंय, 'द बायोग्राफ गर्ल, द फर्स्ट मूव्ही स्टार'.

त्या दगडापाशी एक आकडा डोक्यातून जात नव्हता. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा तिथल्या पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी सुमारे ७० टक्के कायमचे हरवल्याचं दिसलं. त्या काळी वापरात असलेली नायट्रेटची फिल्म आपोआप कुजते, एकदा पेटली की विझत नाही. आणि बोलपट आल्यावर जुनी रिळं सांभाळण्यात कुणाला पैसा दिसेना, चांदी काढून घेण्यासाठीही ती वितळवली गेली. जे उरलं ते पुष्कळदा योगायोगाने. कीटनच्या बेव्हर्ली हिल्समधल्या जुन्या घरात नंतर जेम्स मेसन हा नट राहायला आला, आणि तिथे कीटनच्या चित्रपटांच्या प्रती सापडल्या. त्या तशाच पडून राहिल्या असत्या तर? मला हा विचार फार वेळ करवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाउनटाउनमध्ये ९०८ साउथ ब्रॉडवे खालून बघून घेतलं. 'सेफ्टी लास्ट' या मूकपटात विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लटकतो, तो देखावा या इमारतीच्या गच्चीवर उभारला होता. खाली रस्ता दिसेल अशा बेताने भिंत गच्चीच्या कडेला उभी करायची आणि पडलाच तर झेलायला थोडं खाली गाद्या. ही युक्ती ठाऊक असूनही मान वर करून पाहताना पोटात गोळा आला. १९१९ मध्ये खोटा समजून हातात घेतलेला बाँब फुटून लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती. काट्याला लटकणारा तो हात, हातमोज्याआड, दोन बोटं कमी असलेला आहे.

आणि मग काहुएंगा. हॉलीवूड/व्हाइन स्टेशनवरून पश्चिमेला थोडं चालायचं, हॉलीवूड बुलेव्हार्डच्या जरा दक्षिणेला डाव्या हाताला कॉस्मो स्ट्रीटकडे जाणारी एक गल्ली लागते. जॉन बेंगत्सन या अभ्यासकाने जुन्या चित्रपटांतल्या चौकटी, नकाशे आणि छायाचित्रं एकमेकांशी ताडून दाखवलं की चॅप्लिनचा 'द किड', कीटनचा 'कॉप्स' आणि लॉइडचा 'सेफ्टी लास्ट' या तिन्हींतली दृश्यं इथे घेतलेली आहेत. १९२१, १९२२, १९२३. आता ही गल्ली त्या तिघांच्या नावाने ओळखली जाते.

माझी पहिली प्रतिक्रिया होती, एवढीच? पडद्यावर ती ऐसपैस वाटते. प्रत्यक्षात कचऱ्याचे डबे, विजेच्या तारा, उपाहारगृहांची मागची दारं. मी फोन काढला, एकेक चौकट थांबवून भिंती जुळवू लागले. विटांची एक ओळ जुळली तेव्हा मी चक्क मोठ्याने 'हीच!' म्हणाले. आकाश मात्र जुळत नव्हतं. माझ्या डोक्यावर गडद निळं, कीटनच्या डोक्यावर कोरं पांढरं. कारण माहीत होतं. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला निळा रंग पांढराच दिसायचा आणि लाल जवळजवळ काळा. पण ते वाचणं वेगळं आणि त्याच तुकडाभर आकाशाखाली उभं राहून दोन्ही बघणं वेगळं. त्या दिवशीही ते निळंच असणार. कीटनने ते निळं पाहिलं, आपण कुणीच नाही.

मग गल्लीच्या तोंडाशी, काहुएंगाच्या फुटपाथवर आले. गाड्या जात होत्या, फार वेगात नाही. तरी कडेला उभं राहिलं की प्रत्येक गाडीचा वारा अंगावर येतो. एवढ्या जवळून, एका हाताने. खांदा निखळला असता. 'शेरलॉक ज्युनिअर' करताना पाण्याच्या लोंढ्याखाली त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं आणि ते त्याला स्वतःला कित्येक वर्षांनी, क्ष-किरण तपासणीत कळलं, हे मला पाठ आहे. पण पाठ असलेल्या गोष्टीने असा कधी काटा आला नव्हता.

एका मागच्या दाराशी ॲप्रन बांधलेला विशीतला मुलगा सुट्टीत बसला होता. बराच वेळ तो माझ्याकडे बघत होता. शेवटी विचारलंच, काही हरवलंय का? मी त्याच्यापुढे फोन धरला. दहा सेकंद संपले.

"हे इथलं आहे?"

"इथलंच. तू बसलायस तिथून वीस-पंचवीस पावलांवर."

"गाडी खरी होती?"

"खरी."

"परत दाखवा."

तीनदा दाखवलं. चौथ्यांदा त्याने फोन स्वतःच्या हातात घेतला, एकदा पडद्याकडे, एकदा रस्त्याकडे बघत फुटपाथच्या कडेपर्यंत गेला. एक पांढरी गाडी येत होती. ती पुढे निघून गेल्यावर त्याने रिकाम्या रस्त्यावर हात लांब केला, बोटं मिटली आणि मागे वळून मला विचारलं, "कुठला हात, उजवा की डावा?"

मी तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला.