आजोबांच्या पहिल्या बायकोचं नाव

रेकी म्हणजे अंगावर हात ठेवून ऊर्जा देण्याची जपानी पद्धत. तिची पहिली डिग्री मी १९९८ साली पुण्यात घेतली. तेव्हा बँकेत होते, कॅश काउंटरला. शनिवार-रविवारचं शिबिर होतं. बाईंनी डोळे मिटून बसवलं, डोक्यावर आणि तळहातांवर हात ठेवून शक्तिपात दिला आणि रेकीचे जनक मिकाओ उसुई यांची पाच तत्त्वं म्हणून घेतली. फक्त आजच्या दिवस मी रागावणार नाही, फक्त आजच्या दिवस मी काळजी करणार नाही... मग २१ दिवस स्वतःवर रेकी. पहाटे उठायचं आणि डोळ्यांपासून तळपायांपर्यंत एकेका जागी तीन-तीन मिनिटं हात ठेवायचे. आठव्या दिवशी पोटावर हात असताना मला रडू कोसळलं. दिवसभर लोकांच्या नोटा मोजणारे हात स्वतःच्या पोटावर शांतपणे टेकायला मला वयाची पस्तिशी गाठावी लागली होती.

पुढच्या काही वर्षांत दुसरी डिग्री झाली, मास्टर लेव्हल झाली. संध्याकाळी बँकेतून आले की घरी दोघं-तिघं वाट बघत असायचे. कुणाची झोप गेलेली, कुणाचं माणूस गेलेलं. त्यांना बरं वाटायचं. मी मात्र रात्री पिळून काढल्यासारखी पडायची. याच काळात एक चूक केली, ती सांगायलाच हवी. मला थायरॉइडची रोजची गोळी आहे. माझ्याहून अनुभवी अशा एका हीलरनं सांगितलं, की गोळीमुळे ऊर्जेचा प्रवाह अडतो, बंद कर. मी केली. चार महिन्यांनी पाय सुजले, केस मुठीनं गळायला लागले आणि रिपोर्टमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की वाढणारा आकडा, चाळीसच्या वर गेला. त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारते: औषधं कोणती चालू आहेत? ती तशीच चालू ठेवायची. रेकीनं आजार बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. शांतपणे हात ठेवलेल्या माणसाचा श्वास खाली उतरतो, हे मी रोज बघते आणि तेवढंच सांगते.

फॅमिली कॉन्स्टलेशनकडे मला २०११ च्या जूनमध्ये एक मैत्रीण घेऊन गेली. अनोळखी माणसांना घरच्यांचे प्रतिनिधी म्हणून उभं करून कुटुंबातली नाती बघायची, अशी ही पद्धत जर्मनीच्या बर्ट हेलिंगर यांची. ते कॅथलिक धर्मगुरू होते. दक्षिण आफ्रिकेत झुलू लोकांमध्ये त्यांनी बरीच वर्षं काढली, मग धर्मगुरूपद सोडून मानसोपचाराकडे वळले. त्यांचं म्हणणं असं, की कुटुंबात प्रत्येकाला जागा असते. आधी आलेला आधी, नंतर आलेला नंतर. ज्याला घर विसरतं, त्याचं ओझं पुढच्या पिढीतलं कुणीतरी नकळत उचलतं.

एका शाळेचा हॉल होता. सतरंज्या घातलेल्या, गोलात पंधरा-सोळा माणसं, एकही ओळखीचं नाही. फॅसिलिटेटर ताईंनी विचारलं, ‘‘कशासाठी आलात?’’ मी म्हटलं, ‘‘सगळ्यांचं उचलते आणि थकते. आणि माझे वडील, अण्णा, सणावाराला मान खाली घालून बसतात, ते मला लहानपणापासून बघवत नाही.’’ त्यांनी बाकी काही विचारलं नाही. गोलातून प्रतिनिधी निवडायला सांगितले: एक मी, एक अण्णा, एक आजोबा, एक आजी. प्रत्येकाला खांद्याला धरून, मनाला येईल तिथे उभं केलं आणि मी जागेवर जाऊन बसले.

अण्णांच्या जागी एक तरुण इंजिनिअर होता. मिनिटभरात त्याची नजर जमिनीवरच्या एका जागी खिळली. आजीच्या जागच्या बाई पाठ फिरवून उभ्या राहिल्या आणि हात सारखा गळ्याकडे नेत होत्या. ताई म्हणाल्या, ‘‘इथे कुणीतरी नाहीये. कोण गेलंय तुमच्याकडे?’’ मला काही ठाऊक नव्हतं. त्यांनी एका मुलीला, ती जेमतेम विशीची असेल, त्या रिकाम्या जागी उभं केलं. कोण म्हणून, ते सांगितलं नाही. आजीच्या जागच्या बाई हळूहळू वळल्या. ताईंनी त्यांना एकच वाक्य म्हणायला लावलं, ‘‘तू पहिली. मी तुझ्यानंतरची.’’ ते म्हणताना त्यांचा आवाज फाटला, आणि मी सतरंजीवर पालथी पडून रडले.

दुसऱ्याच रविवारी वाईला आत्याकडे गेले. आत्या अण्णांहून मोठी, तेव्हा ऐंशीला टेकलेली. शेंगा सोलत होती. मी विचारलं, ‘‘आजोबांचं आधी लग्न झालं होतं का गं?’’ तिचे हात थांबले. ‘‘तुला कुणी सांगितलं?’’

मग ती सांगत गेली. आजोबा बिजवर होते. पहिली सतराव्या वर्षी बाळंतपणात गेली, मूलही गेलं. वर्षाच्या आत आजी दुसरेपणावर आली. गळ्यात सवतीचा टाक, म्हणजे गेलेल्या पहिलीच्या नावाचा धातूचा छोटा ठसा, घालून आली, तेव्हाच्या रीतीप्रमाणे. रोज आंघोळ झाली की ती आधी त्या टाकाला हळद-कुंकू लावायची. पुढे कूळकायद्यात जमीन गेली, हात आखडला आणि अण्णांच्या शाळेच्या फीसाठी टाक सोनाराकडे मोडला. ‘‘त्यानंतर आईनं तिचं नाव घेतलं नाही,’’ आत्या म्हणाली. ‘‘लाजच वाटली असणार तिला. पोरी, ते नाव मला मात्र माहितेय.’’ ते घरातलं आहे, इथे लिहीत नाही.

त्या हॉलमधल्या अनोळखी माणसांना हे कसं उमगलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आजोबांच्या पिढीत घरोघर कुणी ना कुणी बाळंतिणीच्या खोलीत गेलेली आहे, ‘कुणीतरी विसरलंय’ म्हटलं तर बहुतेकांच्या घरी ते खरंच निघेल, हेही मला कळतं. पण त्या दुपारीशिवाय मी आत्याला विचारलं नसतं, आणि आत्या आपणहून बोलली नसती.

नंतर दोन वर्षं ही पद्धत शिकले. शिकताना खटकलेल्या गोष्टीही होत्या. अत्याचार झालेल्या मुलीला अत्याचार करणाऱ्यापुढे वाकायला सांगणं मला मान्य नाही, कधीच होणार नाही. खुद्द जर्मनीतल्या सिस्टिमिक थेरपिस्टांच्या एका संघटनेनं २००४ मध्ये जाहीर निवेदन काढून हेलिंगरांच्या कामापासून फारकत घेतली, ती उगाच नाही. माझ्याकडे मार खाणारी बाई आली, तर मी आधी तिला सुरक्षित जागा आणि वकील बघून देते, गोलात उभी करत नाही. ज्यांच्या मनात जीव द्यायचे विचार येतात किंवा ज्यांना भास होतात, त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते, आणि गरज पडली तर सोबत जाते. आणि काम संपलं की प्रत्येक प्रतिनिधीला त्याचं स्वतःचं नाव मोठ्यानं घ्यायला लावते. ते राहिलं, तर माणूस दुसऱ्याचं दुःख घेऊन घरी जातो. माझा तो रात्रीचा थकवा बराचसा याच सवयीनं गेला.

आत्याकडे गेले त्याच वर्षी पितृपक्षात आम्ही अविधवा नवमी केली, नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीचं श्राद्ध. आजोबा गेल्यावर ती आमच्याकडे बंद पडली होती, गुरुजीही आधी का-कू करत होते. आईनं पुरण घातलं. सवाष्ण म्हणून शेजारच्या काकू जेवायला आल्या, त्यांची खणा-नारळानं ओटी भरली. एक पान वेगळं वाढलं. पानापुढे अण्णांनी तिचं नाव घेतलं. ते त्यांना ठाऊक आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

जेवणं झाल्यावर मी त्यांना ओसरीवर सुपारी कातरून दिली. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, ‘‘सोनाराकडे आई मलाच घेऊन गेली होती. मी दहा वर्षांचा होतो. टाक माझ्या मुठीत दिला होता, वाटेत पडू नये म्हणून.’’ त्यांनी मूठ मिटून दाखवली. ‘‘एवढासा होता गं. वजनाला काहीच नाही.’’