आर्क पळायचा तिथून : आमची वाटचाल

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत दोन वेल्डिंग मशिन आणि तीन माणसे घेऊन आम्ही जॉबवर्क सुरू केले, तेव्हा चुंबकाशी आपला काही संबंध येईल असे मनातही नव्हते. डीसी प्रवाहावर जाड प्लेटा जोडण्याचे काम असे. प्लेटचे टोक जवळ आले की आर्क, म्हणजे वेल्डिंगची प्रखर ज्योत, मागे वळे, वितळलेल्या धातूचे थेंब उडत आणि वेल्डमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, राहत. आमचे सर्वांत जुने वेल्डर, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते सांगत, "साहेब, आर्क ओढला जातोय, हात नाही हलत माझा." मी ते वयाचे कारण समजलो आणि त्यांना किरकोळ जॉबवर बसवले. त्याची लाज मला अजून वाटते.

आर्क म्हणजे तापून विद्युतवाहक झालेला वायू. प्रवाह वाहणाऱ्या तारेवर चुंबकीय क्षेत्रात जे बल लागते, तेच त्याच्यावरही, क्षेत्र आणि प्रवाह या दोहोंना काटकोनात लागते. तारेला ताठपणा असतो, आर्कला तो नसतो, एवढाच फरक. प्लेटच्या कडेला चुंबकीय रेषा दाटतात आणि आर्कला आतल्या बाजूला ढकलतात. अर्थिंगची जागा बदलणे, आर्क आखूड धरणे, जमेल तिथे एसी प्रवाह वापरणे हे उपाय मामा कधीपासून करत होते; त्यामागचे कारण मला उशिरा कळले.

पुढे पाइपांची एक ऑर्डर आली. चुंबकीय तपासणीनंतर पाइपांतले चुंबकत्व नीट उतरवले गेले नव्हते आणि जोडाच्या फटीत रूट रन, म्हणजे तळाचा पहिला थर, काही केल्या बसेना. शेवटी वेल्डिंगचीच केबल पाइपभोवती गुंडाळून उलट क्षेत्र तयार केले. पहिल्या वेळी वेढे चुकीच्या दिशेने पडले आणि आर्क आणखीच पळाला. वेढे उलटवल्यावर तो सरळ उभा राहिला. केबलच्या चार वेढ्यांनी आर्क हवा तिकडे वळतो, तर तो मुद्दाम वळवावा, हा विचार तेव्हाचा.

टिग टॉर्चजवळ (टिग म्हणजे टंगस्टनच्या टोकाने आर्क काढण्याची पद्धत) मऊ लोखंडाच्या गाभ्यावर कॉइल बसवून तिला काही हर्ट्झचा उलटसुलट प्रवाह द्यायचा, असे यंत्र आम्ही घडवू लागलो. क्षेत्र सांध्याच्या लांबीच्या दिशेने असेल तर आर्क सांध्याच्या दोन्ही कडांकडे आळीपाळीने झुलतो. क्षेत्र आडवे असेल तर तो पुढे-मागे हलतो. कागदावर हे सोपे दिसते, पण आर्कच्या उष्णतेने आमच्या पहिल्या दोन कॉइलींचे इन्सुलेशन जळाले आणि पाण्याने थंड होणारा धारक करण्यातच बराच काळ गेला.

आर्क चुंबकाने नळ्यांच्या तोंडांवर गोल फिरवायचा आणि नंतर नळ्या एकमेकींवर दाबून जोडायच्या, अशीही एक पद्धत आहे. तिरुचिरापल्लीच्या वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तिच्यावर काम झालेले आहे. तिचे भांडवल आम्हाला झेपणारे नव्हते, म्हणून आम्ही झुलत्या आर्कवरच थांबलो.

आज ३०४ स्टेनलेसच्या टाक्यांचे लांब सांधे आम्ही याच यंत्रावर करतो, कारण हे पोलाद जवळजवळ अचुंबकीय असल्याने क्षेत्र आर्कपर्यंत पोहोचते. माइल्ड स्टीलच्या जाड प्लेटमध्ये क्षेत्राचा मोठा भाग प्लेटच गिळते. ती कामे आम्ही जुन्याच पद्धतीने घेतो आणि तसे ग्राहकाला आधी सांगतो. कोणत्या जाडीला झोका किती ठेवायचा, याचे आकडे मामांनी निवृत्त होण्याआधी यंत्राच्या पॅनेलवर रंगाने लिहून ठेवले आहेत. नवीन मुले सेटिंग तिथूनच घेतात.