दोलोरेसचा अर्थ कोशात शोधू नका

स्पेनमधल्या औषधाच्या दुकानात डोकेदुखीच्या गोळ्यांच्या खोक्यावर 'दोलोर' लिहिलेलं असतं, म्हणजे दुखणं. त्याचं अनेकवचन दोलोरेस. तेच इमारतीच्या खालच्या टपालपेटीवर कुणा आजींचं नाव म्हणून दिसतं आणि मराठी माणूस चमकतो. पोटच्या पोरीचं नाव कुणी 'वेदना' ठेवतं का?

पूर्ण नाव 'मारिया दे लोस दोलोरेस', दुःखांची मारिया, म्हणजे येशूची आई. दुःखं मोजून सात: शिमोनचं भाकीत, इजिप्तला पळून जाणं, यरुशलेममध्ये हरवलेला लहानगा येशू, वधस्तंभाच्या वाटेवरची भेट, क्रूस, खाली उतरवलेला देह, दफन. म्हणून मूर्तीच्या छातीत कधी सात खंजीर असतात, कधी एकच. पोरीच्या नशिबी दुःख यावं असं कुणी म्हणत नाही, देवीच्या बिरुदाचं शेपूट तेवढं तिच्या वाट्याला येतं. आपला नवसाचा भिकाजी कुठे दारोदार भीक मागतो? नाक मुरडायचंच तर आपल्या नकुशीकडे बघून मुरडावं; त्या नावात देवीबिवी काही नव्हती. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावं दिली. निदान आपण बदलली तरी.

स्पेनमध्ये बदलायची गरजच पडत नाही, कारण हाक मारायला लोला, लोली. सोलेदादची (एकटेपणा) सोले, कोन्सुएलोची (सांत्वन) चेलो, रोसारियोची (जपमाळ) चारो, पिलारची पिली. पिलार म्हणजे खांब: सारागोसाची देवी, सण १२ ऑक्टोबरला. गोव्यातलं पिलार तिच्याच नावाचं. खांब आणि जपमाळ हे शब्द व्याकरणात पुल्लिंगी, तरी पिलार 'उंच' असेल तर 'आल्ता'च म्हणायचं, 'आल्तो' नाही. कोन्सेप्सियोनला लाडाने कोंचा म्हणतात, पण अर्जेंटिनात तो शब्द तोंडातून काढू नका, तिथे ती शिवी आहे.

उच्चारात मात्र आपली बाजू वरचढ. इंग्रजी 'डोलोरेस' विसरा. स्पॅनिश द आपल्या 'दही'तल्यासारखा दंत्य, दोन स्वरांमध्ये आला की आणखी मऊ. सोलेदादमधला शेवटचा द जवळजवळ गिळतात. मेर्सेदेस माद्रिदमध्ये 'मेर्थेदेस' होते, आणि ती गाडीच्या आधीची आहे: बार्सिलोनाची कृपेची देवी, जिच्या नावाचा संप्रदाय १२१८ पासून कैद्यांना खंडणी भरून सोडवत असे.

दोलोरेसला नामदिनाच्या, म्हणजे तिच्या नावाच्या देवीच्या सणाच्या, शुभेच्छा द्यायच्या तर आधी विचारा. काही घरांत झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) आदला शुक्रवार पाळतात, काहींत १५ सप्टेंबर.

कागदपत्रांत एक खोच आहे. 'मारिया'चं संक्षिप्त रूप म्हणून एम आणि वर छोटा ए लिहायची इथे सवय आहे. विमानाच्या तिकिटावर तसं लिहू नका, पासपोर्टवर आहे ते अक्षर न् अक्षर उतरवा. आणि सगळ्यांच्या तोंडी लोला असली तरी तिकिटावर लोला चालत नाही. घरगुती रूपं नाव म्हणून नोंदवायला असलेली बंदी २००७ मध्ये उठली, त्यामुळे आताच्या लहान लोला कागदावरही लोलाच असतात. आज्या मात्र बहुतेक दोलोरेस.