रीफवरचा शांत आठवडा: अंदाजाचा तक्ता वाचताना

अंदाजाच्या तक्त्यात सलग सात-आठ दिवस लाटांची उंची अर्ध्या मीटरच्या आसपास दिसू लागली की बहुतेक सर्फर तक्ता बंद करतात आणि पुढच्या मोठ्या स्वेलची, म्हणजे दूरवरून येणाऱ्या लाटांच्या मालिकेची, वाट पाहू लागतात. वाळूच्या किनाऱ्यावर ते समजण्यासारखे आहे. रीफच्या, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ उंचवट्याच्या, बाबतीत मात्र माझे मत नेमके उलटे आहे. लाटा मोठ्या असतात तेव्हा अंदाज ढोबळपणे वाचला तरी भागते, कारण भरतीची पातळी थोडी कमीजास्त असली किंवा वाऱ्याने वेळ चुकवली तरी रीफच्या कुठल्या ना कुठल्या भागावर लाट नीट फुटतेच. शांत काळात सगळा हिशेब काही सेंटिमीटरांवर आणि एखाद्या तासावर येऊन ठेपतो. तो काळजीपूर्वक मांडला, तर इतरांनी सोडून दिलेल्या आठवड्यातही स्वच्छ, आखीव लाटांची एखादी सकाळ पदरात पडते.

आधी हा शांतपणा येतो कुठून ते पाहू. स्वेल तयार होतो तो दूरच्या वादळातल्या वाऱ्याने, आणि तो किती मोठा होणार हे वाऱ्याचा वेग, वारा किती वेळ टिकला आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला या तीन गोष्टींवर ठरते. आपल्या समुद्राच्या मोठ्या भागावर जास्त दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसले की वादळांचा मार्ग ध्रुवाच्या बाजूला ढकलला जातो, आणि जी वादळे येतात त्यांतला वारा बऱ्याचदा आपल्या दिशेने तोंड करून वाहतच नाही. म्हणूनच डोक्यावरचे आकाश पाहून लाटांविषयी काहीही ठरवता येत नाही. पाहायचा असतो तो हजारो किलोमीटर दूरचा नकाशा. तरीही दक्षिणेकडे उघडा असलेला किनारा पूर्णपणे सपाट क्वचितच होतो. शाळेच्या भूगोलात ज्यांची ओळख ‘गर्जणारे चाळीस’ म्हणून होते, त्या अक्षांशांपासून पुढे साठ अंशांपर्यंत वादळे वर्षभर एकामागून एक जात असतात, आणि त्यांपैकी एखाद्याचा क्षीण, पण लांब पल्ल्याचा स्वेल शांत आठवड्यातही येऊन पोहोचतो.

तक्त्यातला पहिला, ठळक अक्षरांतला आकडा या क्षीण स्वेलला हमखास झाकून टाकतो. तो आकडा असतो सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांच्या सरासरी उंचीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वेरड्रुप आणि वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञांनी लाटांचा अंदाज बांधताना ही मोजण्याची पद्धत रूढ केली. शिवाय त्यात समुद्रातले सगळे स्वेल एकत्र केलेले असतात आणि ही बेरीज साधी नसते: प्रत्येक उंचीचा वर्ग करून, त्यांची बेरीज घेऊन, तिचे वर्गमूळ काढले जाते. जवळच्या वाऱ्याने उठवलेली अर्ध्या मीटरची खळबळ आणि दूरवरून आलेला ०.३ मीटरचा स्वेल मिळून तक्त्यात दिसतात ०.५८ मीटर, म्हणजे दूरच्या स्वेलची भर जेमतेम आठ सेंटिमीटरांची. सर्फिंगसाठी मात्र त्या दोघांत कामाचा आहे तो दुसराच. म्हणून मी एकत्रित उंची सोडून देतो आणि खालच्या, वेगवेगळ्या स्वेलच्या ओळी उघडून पाहतो. तिथे प्रत्येकाचा आवर्तनकाल, म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ (सर्फर त्याला पिरियड म्हणतात), आणि दिशा स्वतंत्रपणे दिलेली असते.

आवर्तनकालाला मी इतके महत्त्व का देतो, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. खोल समुद्रात आठ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १०० मीटर असते, तर सोळा सेकंदांच्या लाटेची ४०० मीटर. लाटेला तळ जाणवू लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे पहिलीला ५० मीटरवर आणि दुसरीला थेट २०० मीटरवर. दुसरीचे वळणे आणि उंचावणे किनाऱ्यापासून कितीतरी आधी सुरू होते. दोघींची खोल समुद्रातली उंची ०.६ मीटर धरली आणि त्या सरळ येऊन दोन मीटर पाण्यात शिरल्या असे मानले, तर आठ सेकंदांची लाट जेमतेम ०.७ मीटरपर्यंत उठते आणि सोळा सेकंदांची एक मीटरपर्यंत जाते. रीफचा बाहेरचा उंचवटा लाटेला एका जागी गोळा करणारा असेल, तर हा फरक आणखी वाढतो. दिशेचे गणित थोडक्यात सांगायचे तर, रीफच्या वाटेत बेट किंवा भूशिर असेल आणि स्वेल त्याच्या आडून येत असेल, तर आवर्तनकाल कितीही चांगला असला तरी फारशी आशा धरू नये.

आता भरती-ओहोटी. माझ्या मते शांत काळातल्या रीफचा निम्मा अंदाज इथेच असतो आणि लोक इथेच घाई करतात. लाट साधारणपणे स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात फुटते; रीफची कड एकदम उभी असेल तर त्याहूनही उथळ पाण्यात. म्हणजे ०.८ मीटरच्या लाटेला कडेवर साधारण एक मीटर पाणी हवे. दीड मीटर असले तर ती कडेवरून न फुटता सरकते आणि आतल्या सपाट भागावर कशीबशी कोसळते; अर्धा मीटरच असले तर फुटते खरी, पण तिच्यापुढे बोर्ड चालवण्याइतके पाणीच उरत नाही. मोठ्या स्वेलमध्ये लाटांच्या उंचीतच इतका फरक असतो की प्रत्येक पातळीला जुळणारी एखादी लाट सापडते. लहान स्वेलला ही सवलत नसते.

त्यात उधाण (अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (अष्टमीच्या आसपासची लहान भरती-ओहोटी) यांचा फरक लक्षात घ्यावा लागतो. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाइतके, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन भाग, मग पुन्हा दोन आणि एक, असा तो चढ असतो. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यांसाठी हा ठोकताळा बऱ्यापैकी जुळतो. उधाणाच्या दिवशी चढ २.४ मीटरचा असेल तर मधल्या दोन तासांत पाणी तासाला ६० सेंटिमीटर वाढते. लहान लाटेला जुळणारी पातळी अर्ध्या-पाऊण तासात येते आणि निघून जाते. भांगाच्या दिवशी चढ एक मीटरचाच असेल तर तोच वेग तासाला २५ सेंटिमीटर पडतो आणि जुळलेली पातळी दीड-दोन तास टिकते. शांत आठवड्यात एकच सकाळ निवडायची असेल तर मी भांगाच्या आसपासची निवडतो. फक्त त्या दिवशीची ओहोटी आपल्या रीफला हवी तेवढी खाली उतरते की नाही, एवढे आधी तपासून घेतो.

भरतीच्या तक्त्यात न येणारी एक गोष्ट शांत काळात विशेष जाणवते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने वाढला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटरने खाली जाते. समुद्रसपाटीवरचा सरासरी दाब सुमारे १०१३ हेक्टोपास्कल मानला जातो आणि ठाण मांडून बसलेल्या जास्त दाबाच्या क्षेत्रात तो १०३० पर्यंत सहज जातो. म्हणजे तक्त्याच्या तुलनेत रीफवर सतरा सेंटिमीटर पाणी कमी. खोल पाण्यात याची कोणी दखलही घेणार नाही, पण जिथे एक मीटर पाण्यावर सगळे अवलंबून आहे तिथे तक्ता सुरक्षित म्हणत असलेल्या वेळी बोर्डाखालची फिन खडकाला घासू शकते.

वाऱ्याच्या बाबतीत हाच जास्त दाब आपल्या बाजूने असतो. मोठ्या प्रमाणावरचा वारा मंदावलेला असल्यामुळे किनाऱ्यावर राज्य चालते ते खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांचे. रात्रभर थंड झालेल्या जमिनीकडून येणारा मतलई वारा पहाटे लाटांचा दर्शनी भाग गुळगुळीत ठेवतो. जमीन तापली की तो पडतो, काही काळ पाणी अगदी स्थिर होते आणि मग समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. त्याची चाहूल डोळ्यांना आधी लागते: क्षितिजाजवळच्या चकचकीत पाण्यावर एक गडद निळी, खरबरीत पट्टी उमटते, ती रुंदावत जवळ येते आणि ती रीफपर्यंत पोहोचली की दहा-पंधरा मिनिटांत लाटांच्या कडा विस्कटतात. जागतिक हवामानाच्या संगणकी प्रारूपांच्या जाळीतला एकेक चौकोन कित्येक किलोमीटरांचा असतो, त्यामुळे या स्थानिक वाऱ्यांची नेमकी वेळ त्यांच्या तक्त्यात नीट उतरत नाही. सकाळपासून ढगाळ असेल तर खारा वारा उशिरा आणि दुबळा येतो, स्वच्छ ऊन असेल तर लवकर. मी तक्त्यातल्या वाऱ्याच्या बाणापेक्षा या निरीक्षणावर अधिक विसंबतो.

लहान लाटांचा दिवस म्हणजे सोपा दिवस, हा समज रीफवर घातक ठरतो. वरचा सव्वापटीचा हिशेब पुन्हा पाहा: लाट जितकी लहान तितक्या उथळ पाण्यात ती फुटते, म्हणजे पडलेला माणूस खडकाच्या तितकाच जवळ असतो. अशा दिवशी डोके पुढे करून कधीही उडी मारू नये. पडायचेच झाले तर अंग पसरून, पाण्याच्या वरच्या थरातच राहावे. दूरच्या स्वेलचे सेट, म्हणजे लाटांचे गट, एकमेकांपासून बरेच लांब असतात आणि मधल्या शांततेत मंडळी हळूहळू आत, रीफच्या उथळ भागावर सरकत जातात. दीर्घ काळ पाहिले तर सर्वांत मोठी लाट तक्त्यातल्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट असू शकते, आणि ती येते तेव्हा आत सरकलेल्यांच्या खाली नेमके सर्वांत कमी पाणी असते. बसायची जागा किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत धरून ठरवावी आणि ती सोडू नये.

रीफ प्रवाळाचा असेल तर शांत काळाची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय हा अंदाज मला पूर्ण वाटत नाही. वारा नाही, लाटा नाहीत, आकाश निरभ्र आहे, अशा दिवसांत वरचे तापलेले पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही आणि ऊन स्वच्छ पाण्यातून थेट प्रवाळापर्यंत पोहोचते. वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंश सेल्सिअसने गरम राहून चार आठवडे गेले तर प्रवाळ पांढरे पडण्याचा धोका गंभीर मानला जातो. आठ आठवडे गेले तर प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मरू लागते. एप्रिल २०२४ मध्ये समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जगभर पसरलेल्या चौथ्या विरंजनाची, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याची, घोषणा केली. ज्या खडकामुळे आपली लाट आकार घेते तो जिवंत आहे. म्हणून उन्हाळ्यातल्या शांत काळात मी लाटांच्या शेजारी पाण्याच्या तापमानाचा नकाशाही उघडतो, आणि पाणी तापलेले असेल तेव्हा ओहोटीला रीफवरून चालत जाणे सर्वांनीच टाळावे, असे मला मनापासून वाटते.

शेवटी, शांत काळ संपणार कधी? इथे तक्त्यातला दिवस पाहण्याऐवजी वादळाची तारीख पाहावी. सात दिवसांनंतरचा स्वेल ज्या वादळातून यायचा आहे ते वादळ अजून जन्मलेच नसेल, तर तो आकडा केवळ एक शक्यता आहे आणि रोज बदलत राहील. वादळ होऊन गेले असेल आणि त्यातला वारा उपग्रहांनी मोजला असेल, तर तोच सात दिवसांनंतरचा आकडा बराच विश्वासार्ह ठरतो, कारण आता उरतो तो फक्त प्रवास. १९६३ मध्ये मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी लावून दक्षिणेकडच्या वादळांतले स्वेल पूर्ण पॅसिफिक ओलांडताना टिपले होते; वादळाच्या परिसरातून बाहेर पडल्यावर लांब लाटांची ऊर्जा फारच थोडी घटते, असे त्यांना आढळले.

प्रवासाचा हिशेब घरबसल्या करता येतो. आवर्तनकालाच्या सेकंदांना ६७ ने गुणले की स्वेल दिवसाला किती किलोमीटर येतो ते कळते. पाच हजार किलोमीटरवरच्या वादळातून निघालेल्या अठरा सेकंदांच्या लाटांना चार दिवसांहून किंचित अधिक लागतात, बारा सेकंदांच्या लाटांना सहा दिवसांहून अधिक. त्यामुळे समुद्रातल्या बोयांवर, म्हणजे लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्रांवर, सर्वप्रथम दिसते ती अठरा-वीस सेकंदांची, दहा-पंधरा सेंटिमीटरांची एक बारीकशी नोंद, आणि रीफवर तेव्हा अधूनमधून पाणी कडेवरून ओढले गेल्यासारखे वाटण्यापलीकडे काही घडत नाही. पुढच्या दीड-दोन दिवसांत आवर्तनकाल उतरत जातो आणि उंची चढत जाते. ती पहिली नोंद दिसताक्षणी मी धावत सुटत नाही. आवर्तनकाल पंधरा-सोळा सेकंदांवर केव्हा येईल याचा अंदाज बांधतो, त्या पहाटे पाण्याची पातळी रीफला जुळते का ते दाबाची दुरुस्ती धरून पाहतो, आणि जुळत नसेल तर पुढची पहाट धरतो. बारा-तेरा सेकंदांचे उतरते शेपूट तोवर टिकलेले असते.